परक्या दरबारातील कुंचला

चीनच्या इतिहासात 1279 हे वर्ष मोठे दारुण मानले जाते. लिन-आन, म्हणजे आजचे हांगचौ, ही सुंग घराण्याची दक्षिणेतील राजधानी तीन वर्षांपूर्वीच मोंगलांच्या स्वाधीन झाली होती. उरलेसुरले राजनिष्ठ किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे हटत गेले, आणि याय-शान येथील आरमारी लढाईत सर्वस्व हरपल्यावर, शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा मरण पत्करलेले बरे म्हणून, लू शिऊ-फू नावाच्या प्रधानाने आपल्या बालसम्राटाला पाठीशी घेऊन समुद्रात उडी टाकली. तीनशेहून अधिक वर्षे चाललेले, काव्य, चित्रकला आणि तत्त्वचिंतन यांच्या उत्कर्षाने गाजलेले एक राज्य असे पाण्यात संपले. या घटनेला सात वर्षे होतात न होतात तोच कुब्लाईखानाचे फर्मान घेऊन छंग च्यू-फू नावाचा एक अधिकारी दक्षिणेत आला. जित प्रदेशातील नामवंत विद्वान शोधून काढून त्यांना दादू या नव्या राजधानीत, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, दरबारी सेवेसाठी आणणे हे त्याचे काम होते. त्याने निवडलेल्या वीसएक असामींच्या यादीत जे नाव अग्रभागी होते, ते खुद्द पदच्युत सुंग राजवंशातील एका पुरुषाचे होते. हा पुरुष म्हणजे चाओ मेंग-फू.

चाओचा जन्म 1254 साली हूचौ येथे झाला. सुंग घराण्याच्या संस्थापकापासून तो अकराव्या पिढीतला वंशज. ताई-हू या विस्तीर्ण सरोवराच्या दक्षिणेस वसलेले हूचौ हे गाव कालव्यांचे, तुतीच्या झाडांचे, रेशमाचे, आणि विशेष म्हणजे कुंचल्यांचे. बकऱ्याच्या आणि सशाच्या केसांपासून तेथे बनणारे कुंचले आजही चीनमध्ये अव्वल दर्जाचे समजले जातात. चाओच्या अकराव्या-बाराव्या वर्षीच त्याचे वडील वारले. मागे राहिलेली आई कणखर मनाची होती. राज्य बुडाल्यावर तिने मुलाला बजावले की, नवे राज्यकर्ते आज ना उद्या दक्षिणेतील गुणीजनांना बोलावतील, आणि त्या वेळी तुझ्या अंगी विद्या नसेल तर तुझ्यात आणि चारचौघांत फरक तो काय राहिला? तिच्या या शब्दांमुळे मुलगा विद्वान झाला, आणि याच शब्दांत त्याच्या पुढील सहाशे वर्षांच्या निंदेचे बीजही होते.

1287 साली चाओ दादूच्या दरबारात उभा राहिला तेव्हा त्याचे देखणे रूप पाहून कुब्लाई इतका प्रसन्न झाला की त्याने त्याला मोठमोठ्या मानकऱ्यांच्या वर बसविले. हा सुंग राजघराण्यातला, याला जवळ करणे धोक्याचे, असे कोणी सुचविले तेव्हा बादशहाने ते कानाआड केले. चाओची नेमणूक युद्धखात्यात झाली, आणि साम्राज्यभर पसरलेल्या डाकचौक्यांची देखरेख त्याच्याकडे आली. चित्रकारांच्या चरित्रात असला दफ्तरी भाग सहसा दोन ओळींत आटोपला जातो. परंतु माझ्या मते चाओच्या कलेचा स्वभाव ओळखण्यास हा भाग फार उपयोगी आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे.

त्या वेळी मोंगलांच्या युआन राज्यात कागदी चलन चालत असे. त्याची किंमत सारखी घसरत होती. लाच खाणाऱ्यास नाण्यांच्या दोनशे माळांच्या किमतीच्या नव्या नोटांची मर्यादा ओलांडताच देहान्त शासन द्यावे, असा ठराव मसलतीपुढे आला, तेव्हा दरबारात नुकताच रुजू झालेला चाओ उभा राहिला आणि म्हणाला की, चलन प्रथम निघाले तेव्हापासून वीसएक वर्षांत त्याचे मोल कित्येक पटींनी उतरले आहे. आणखी वीस वर्षांनी या नव्या नोटांचीही तीच गत होणार. तांदूळ आणि रेशमी वस्त्र ही माणसाच्या गरजेची खरी द्रव्ये आहेत, शिक्षेचे मोजमाप करायचे तर त्यांवरून करा. कागदाच्या मोलावरून माणसाच्या प्राणाचा हिशेब करू नका. दक्षिणेतून आलेला हा तरुण राज्याच्या चलनाची नालस्ती करतो, असा आरोप एकाने तेथल्या तेथे केला. चाओ डगमगला नाही. कायद्याचे हलके-भारीपण माणसाच्या जिवाशी निगडित असते, फर्मानाने मला येथे बोलावले आहे, तेव्हा बोलल्यावाचून मला राहता येत नाही, असे त्याने उत्तर दिले.

पुढे त्याच नोटा दक्षिणेत नीट चालत नाहीत म्हणून चौकशीसाठी त्याला तिकडे धाडण्यात आले, आणि कसूर करणाऱ्या अंमलदारांना जागच्या जागी फटके मारण्याचा अधिकारही सोबत देण्यात आला. तो गेला, चौकशी करून परत आला, आणि एकाही माणसास त्याने फटका मारला नाही. तेव्हाचा सर्वाधिकारी वजीर सांग-को याला हे मुळीच रुचले नाही. या सांग-कोचा दरारा असा की, सकाळची घंटा वाजल्यावर उशिरा येणाऱ्या अधिकाऱ्यास छड्या मारण्याचा त्याने दंडक घातला होता. चाओ स्वतः एकदा उशिरा पोचला आणि शिपायाने त्याला धरून नेले. विद्वानांची अशी विटंबना म्हणजे राज्याचीच विटंबना, हे त्याने वरिष्ठांपुढे जाऊन स्पष्ट सांगितले, तेव्हापासून ही शिक्षा फक्त खालच्या कारकुनांपुरती राहिली. 1290 साली उत्तरेत भीषण भूकंप झाला, त्याच वेळी सांग-कोचे लोक थकलेल्या सारावसुलीसाठी रयतेला पिळून काढीत होते. ती बाकी माफ व्हावी म्हणून चाओने दरबारातील एका मातबर उइगुर सरदाराच्या द्वारे बादशहाचे मन वळविले, आणि सूट मिळवून दिली. पुढच्या वर्षी सांग-को गडगडला. त्याच्याविरुद्ध तोंड उघडण्यास बादशहाच्या एका विश्वासू सेवकाला प्रवृत्त करण्यातही चाओचा हात होता.

अशा दरबारात फार काळ राहणे हिताचे नाही, हे ओळखून त्याने 1292 मध्ये शान-तुंग प्रांतातील ची-नान येथे बदली मागून घेतली. तेथली एक हकीकत चरित्रकारांनी नोंदवून ठेवली आहे. मिठागरावरचा एक मजूर हाल सोसवेनात म्हणून पळून गेला. त्याच्या बापाने कोठले तरी एक प्रेत आणून हेच माझ्या मुलाचे म्हणून सांगितले, आणि बरोबरच्या मजुरांवर खुनाचा आरोप ठेवला. त्यांच्याकडून कबुलीजबाबही निघाला. कागद पूर्ण होता, शिक्षा ठोठावण्याचा अवकाश होता. चाओला संशय आला आणि त्याने निकाल तहकूब ठेवला. महिन्याभराने तो पळालेला मजूर आपल्या पायांनी परत आला.

ची-नानहून 1295 मध्ये तो हूचौला परतला, आणि तेथे चौ मी नावाच्या वृद्ध मित्राशी त्याची भेट होत असे. चौ मी हा सुंग काळच्या आठवणींचा भांडारी. नव्या राजवटीची चाकरी त्याने कधीही केली नाही. त्याच्या घराण्याचे मूळ ची-नानचे, परंतु पूर्वज युद्धाच्या धामधुमीत दक्षिणेत आल्यामुळे त्या मूळ भूमीचे दर्शन त्याला आयुष्यात घडले नव्हते. चाओने त्याला तेथील डोंगरांचे वर्णन सांगितले आणि 1296 साली त्याच्यासाठी एक गुंडाळीचे चित्र काढले. छ्युए आणि ह्वा या दोन पर्वतांवरील शरद ऋतूचे हे चित्र आज ताइपे येथील राजप्रासाद संग्रहालयात आहे.

अवघी 28 सेंटीमीटरभर उंचीची आणि मीटरहून काहीशी आखूड अशी ही कागदाची पट्टी उजवीकडून डावीकडे उलगडत जायची असते. उजव्या अंगाला ह्वा पर्वत सरळ टोकदार त्रिकोणासारखा, निळ्या रंगात, सपाट मैदानातून एकाएकी वर आलेला दिसतो; डाव्या टोकाला छ्युए पर्वत गोलसर आणि बुटका बसलेला आहे. या दोहोंच्या मधला सारा प्रदेश दलदलीचा: लव्हाळ्याची बेटे, तांबूस-पिवळी पाने उरलेली झाडे, गवताने शाकारलेल्या झोपड्या, जाळी घेऊन निघालेले कोळी, चरणाऱ्या शेळ्या. प्रथमदर्शनी हे चित्र काहीसे बाळबोध वाटते. झाडांची उंची आणि माणसांचा आकार यांचे प्रमाण जुळत नाही. दूरचे आणि जवळचे यांत ठरावीक अंतर राखलेले नाही. दक्षिण सुंग दरबारातील चित्रकारांनी धुक्यातून उमटणाऱ्या शिखरांची जी मोहक किमया साधली होती, तिचा येथे मागमूस नाही, आणि हे चाओने जाणूनबुजून केले आहे. निसर्गाचा भास निर्माण करण्याची विद्या शिगेला पोचल्यावर तिच्यातील प्राण निघून गेला, असे त्याचे मत होते. म्हणून तो तीन-चारशे वर्षे मागे, दहाव्या शतकातील तुंग युआनपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे थांग काळापर्यंत गेला, आणि तेथील मोकळी, लांबट, अंबाडीच्या धाग्यांसारखी सुटी रेषा त्याने उचलली. 1301 सालच्या एका चित्रलेखात त्याने आपले मत मांडले आहे: चित्रात प्राचीनांचा भाव असणे ही मुख्य गोष्ट, तो नसेल तर हातचे कौशल्य कितीही असले तरी ते व्यर्थ.

चौ मीसारख्या ज्या माणसाला पूर्वजांचा देश केवळ ऐकून माहीत आहे, त्याला दोन डोंगरांची जत्रेतल्या चित्रासारखी हुबेहूब नक्कल देऊन काय लाभ होणार होता? त्याला हवी होती ती पूर्वजांच्या हाताची ओळख, आणि जुन्या चित्रकारांची रेषा वापरून चाओने तीच त्याला दिली. उत्तर आणि दक्षिण यांच्यामध्ये दीडशे वर्षे राजकीय सीमा होती. मोंगलांनी ती पुसली, त्यामुळेच दक्षिणेतल्या या चित्रकाराला उत्तरेतील जुनी चित्रे आणि उत्तरेतील डोंगर दोन्ही पाहायला मिळाले. ज्या पारतंत्र्याने त्याचे कुळ बुडविले त्यानेच त्याच्या कलेला हे साहित्य पुरविले, ही गोष्ट कटू असली तरी खरी आहे. पुढे 1748 मध्ये छ्येन-लुंग बादशहा शान-तुंगच्या दौऱ्यावर असताना त्याने ही गुंडाळी राजधानीहून मागवून घेतली आणि प्रत्यक्ष डोंगरांसमोर धरून पाहिली. त्याच्या मुद्रांचे आणि लेखांचे ठसे आज चित्रभर पडले आहेत.

चाओच्या विचारातील सर्वांत मोलाचा भाग मात्र दुसऱ्या एका चित्राच्या शेवटी आहे. बीजिंगच्या राजप्रासाद संग्रहालयात खडक, विरळ झाडे आणि बांबू यांचे त्याने काढलेले शाईचे एक चित्र आहे. त्यावर त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या चार ओळींत चित्रकारांसाठी एक आख्खा अभ्यासक्रम आहे. खडक काढावेत ते ‘उडत्या शुभ्र’ पद्धतीने: या पद्धतीत कुंचल्यात शाई थोडी ठेवतात आणि हात झपाट्याने नेतात, त्यामुळे केस फाकतात आणि काळ्या पट्ट्याच्या पोटातून कागदाचे पांढरे तंतू दिसू लागतात, खडकाचा खरखरीतपणा वेगळा रंगवावा लागत नाही, तो फटकाऱ्यातच येतो. झाडे काढावीत ती प्राचीन मुद्रालिपीच्या रीतीने, म्हणजे कुंचल्याचे टोक रेषेच्या मधोमध ठेवून, दाब न बदलता, सावकाश. अशी रेषा गोल, भरीव आणि लवचीक उतरते, आणि फांदीला पेलण्याचे बळ तिच्यात असते. बांबूची पाने काढायची असतील तर लेखनातील आठ मूळ फटकारे हाताशी पक्के बसलेले असले पाहिजेत, कारण पान म्हणजे कुंचला टेकविणे, दाबणे आणि टोकाशी उचलून घेणे एवढेच. ज्याला हे कळले त्याला लेखन आणि चित्र यांचे मूळ एकच असल्याचे कळेल, असे त्याचे म्हणणे आहे.

याआधीही विद्वान चित्रकार असे काही बोलत असत. परंतु कोणता फटकारा कशासाठी, हे इतक्या नेमकेपणाने चाओनेच मांडले. पुढच्या पिढीतील ज्या चार महान चित्रकारांमुळे युआन काळ गाजला, त्यांपैकी ह्वांग कुंग-वांग स्वतःला चाओच्या चित्रशाळेतला धाकटा विद्यार्थी म्हणवीत असे, आणि वांग मंग हा तर त्याचा दौहित्र. चीनमधील पुढच्या पाचशे वर्षांची विद्वज्जनांची चित्रकला याच चार ओळींच्या वाटेने गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

लेखनकलेत चाओची कीर्ती याहूनही मोठी आहे. चीनमध्ये मुले सुवाच्य सरळ लिपी गिरवतात ती मुख्यतः चार गुरूंच्या वळणावरून. त्यांतले तिघे थांग काळातले, आणि चौथा चाओ. त्याचा आदर्श मात्र थांगच्याही आधीचा, चौथ्या शतकातील वांग शी-ची. 353 साली लान-थिंग येथील कविसंमेलनासाठी वांगने लिहिलेल्या प्रस्तावनेचे मूळ हस्तलिखित केव्हाच नष्ट झाले होते. तिच्या शिलालेखावरून घेतलेले कागदी ठसे विद्वानांत जपले जात. 1310 साली राजधानीकडे पुन्हा बोलावणे आले आणि चाओ महाकालव्यातून नावेने उत्तरेस निघाला, तेव्हा वाटेत एका बौद्ध भिक्षूकडून असा एक उत्तम ठसा त्याच्या हाती आला. महिन्याहून अधिक काळ चाललेल्या त्या प्रवासात तो ठसा रोज उलगडून पाहणे आणि जे सुचेल ते त्याच्या शेवटी टिपून ठेवणे हा त्याचा नित्यक्रम झाला. असे तेरा अभिप्राय त्याने लिहिले. अक्षराची ठेवण काळाप्रमाणे पालटते, पण कुंचला चालविण्याची रीत हजार वर्षांतही पालटत नाही, हे त्याचे सुप्रसिद्ध मत त्यांतलेच आहे. पुढे छिंग काळात हा ठसा आगीत सापडला. त्याचे करपलेले तुकडे आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

या सगळ्या आयुष्यात त्याच्या सोबतीला क्वान ताओ-शंग ही त्याची पत्नी होती. ती 1262 साली जन्मलेली, बांबूच्या चित्रांसाठी नावाजलेली, आणि अक्षर असे की पतीच्या अक्षरापासून ते ओळखणे अवघड. युआन घराण्यातील रन-चुंग बादशहाने तिच्याकडून सहस्राक्षरी ग्रंथ लिहवून घेतला, आणि तिचे, चाओचे व त्यांचा मुलगा चाओ युंग याचे लेखन एकत्र करून दरबारी ग्रंथभांडारात ठेवविले. एकाच घरातील पती, पत्नी आणि पुत्र तिघेही उत्तम लेखक होते, हे पुढच्या पिढ्यांना कळावे असा त्याचा हेतू होता. तिच्या नावाचे एक कौटुंबिक पत्र बीजिंगमध्ये जतन केलेले आहे. त्यातील सही निरखून पाहिली तर तिथे खाडाखोड दिसते, आणि तज्ज्ञांचे म्हणणे असे की, बायकोच्या वतीने पत्र लिहिता लिहिता चाओने सवयीने स्वतःचेच नाव घातले आणि मग त्यावरून तिचे नाव लिहिले. दरबारातील अव्वल दर्जाचा अधिकारी घरी बायकोची पत्रे लिहून देत होता, ही गोष्ट त्याच्या अनेक भव्य शिलालेखांपेक्षा मला अधिक जवळची वाटते.

आता त्याच्यावरील दोषारोपाकडे वळू. चंग स-शियाव हा त्याचा समकालीन, कडवा सुंगनिष्ठ. राज्य बुडाल्यानंतर तो ऑर्किडची फुले काढी ती मुळाशी मातीच न दाखविता, कारण माती परक्यांनी हिरावली होती. त्याने चाओशी संबंध तोडले, असे सांगतात. चाओ मेंग-च्येन या वडीलधाऱ्या नातलगाची कथा तर याहून रंगतदार: चाओ भेटीस आला तेव्हा त्याला मागच्या दाराने आत घेतले आणि तो गेल्यावर त्याची बैठक पाण्याने धुऊन काढली. परंतु हा नातलग चाओ लहान असतानाच, सुंग राज्य जिवंत असतानाच वारला होता; तेव्हा ही कथा निखालस रचलेली आहे, आणि लोकांना ती रचावीशी वाटली यावरून त्यांच्या मनातील सल किती खोल होता ते कळते. चिनी परंपरेत अक्षर हे चारित्र्याचे प्रतिबिंब मानले जाते, त्यामुळे चाकरी करणाऱ्याच्या अक्षरात मऊपणा आणि लाघव शोधणारे टीकाकार पुढे पुष्कळ निघाले. सतराव्या शतकातील फू शान हा त्यांतला सर्वांत प्रखर. मांचूंनी मिंग राज्य बुडविले तेव्हा त्याने त्यांची चाकरी नाकारली. तारुण्यात चाओचे वळण त्याने सहज उचलले होते, ते त्याने निर्धाराने टाकून दिले आणि राजनिष्ठ म्हणून विख्यात असलेल्या यान चन-छिंग याच्या कठोर अक्षराची उपासना केली. पण तोच फू शान पुढे लिहितो की, या माणसाविषयीच्या तुच्छतेपोटी आपल्याला त्याचे अक्षर नकोसे झाले. आता बारकाईने पाहता त्याची कोवळीक खटकत असली तरी त्यातला ओलावा आणि गोलाई ही अस्सल परंपरेतली आहे, लान-थिंगच्या लेखातूनच थोडी बदलत आलेली. ज्याने चाकरी न करण्याची किंमत स्वतः मोजली होती, त्याची ही साक्ष मला फार वजनदार वाटते. आणि मऊपणा म्हणून जो दोष दाखविला जातो, तो मला फटक्यांचा अधिकार असूनही हात न उचलणाऱ्या आणि कबुलीजबाब समोर असूनही निकाल थोपवून धरणाऱ्या त्या अंमलदाराच्या वृत्तीहून वेगळा दिसत नाही.

1319 साली क्वान ताओ-शंगचे दुखणे बळावले, तेव्हा चाओने रजा मिळवून तिला घेऊन नावेने घरची वाट धरली. लिन-छिंगपर्यंत पोचतात तोच तिचा नावेतच अंत झाला. या दुःखात त्याने आपले गुरू चुंग-फंग मिंग-पन या ध्यानमार्गी भिक्षूला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. बादशहाची बोलावणी येतच होती, पण तो पुन्हा उत्तरेस गेला नाही. 1322 साली तो हूचौ येथे वारला; त्या दिवशीही वाचन, लेखन आणि गप्पा नित्याप्रमाणे चालल्या होत्या, असे त्याच्या शिष्याने नोंदविले आहे.

या अखेरच्या काळात, 1320 साली, त्याने आपले एक जुने चित्र पुन्हा हाती घेऊन त्यावर टिपण लिहिले. हे चित्र 1304 मधले, आज शन-यांग येथील ल्याव-निंग प्रांतिक संग्रहालयात असलेले, आणि भारतीय वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे. जुन्या वृक्षाखाली, खडकावर आसन घालून लाल वस्त्रातला एक अर्हत बसला आहे. वर्ण सावळा, दाढी दाट, कानात वलय, मस्तकामागे प्रभामंडल, आणि एक तळहात पुढे पसरलेला. बौद्ध साधूंची चित्रे पूर्वीचे चिनी चित्रकार बहुधा चिनी चेहऱ्यांचीच काढीत. टिपणात चाओ म्हणतो की, थांग काळचा लू लेंग-च्या अर्हतांच्या चित्रांत यशस्वी झाला, कारण त्या वेळी राजधानीत पश्चिमेकडच्या देशांतील लोकांची वर्दळ होती आणि त्याने त्यांना डोळ्यांनी पाहिले होते. पुढे तो संपर्क तुटला आणि चित्रांतील साधू चिनी दिसू लागले. आपण राजधानीत दीर्घकाळ नोकरी केली, तेथे भारतातून आलेल्या भिक्षूंच्या सहवासात आपण अनेकदा होतो, म्हणून अर्हताच्या चित्रात आपल्याला काही साधले आहे, असे तो सांगतो. ज्या चाकरीबद्दल त्याला शतकानुशतके दूषणे मिळाली, त्याच चाकरीमुळे हे भिक्षू त्याला भेटले, आणि हे त्याने टिपणात आडपडदा न ठेवता लिहून ठेवले आहे.